काता : समोर कोणी नसलेली लढत

कराटेतील ‘काता’ म्हणजे ठरावीक क्रमाने केलेली बचाव आणि प्रहारांची मालिका. प्रतिस्पर्धी समोर नसतो, तो मनात उभा करायचा असतो. ओकिनावाचे गुरू इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच काता रचले. पुढे फुनाकोशी गिचिन यांनी त्यांना ‘हेइआन’ हे नाव दिले.

शोतोकान शैलीतील ‘हेइआन शोदान’ जिथे सुरू होतो, तिथेच संपतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी हाच ताळा आहे. सुरुवातीच्या जागी जमिनीवर दोरी चिकटवली, तर वळण चुकल्याचे त्याचे त्यालाच पायाने कळते. व्हीलचेअरवरील विद्यार्थी पावलांऐवजी चाके फिरवतो. प्रहार, श्वास आणि नजर तीच राहते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला रोजचा तोच क्रम आधार देतो. 2014 मध्ये ब्रेमेन येथील जागतिक स्पर्धेत या तिन्ही गटांनी काताच सादर केला.

प्रशिक्षकांनी नुसते करून न दाखवता ‘डावीकडे 90 अंश, खाली बचाव’ असे शब्दांत सांगावे. पालकांनी मुलासाठी सूट मागू नये, वेळ मागावा. कवायतीप्रमाणे इथेही शिस्त सर्वांना सारखीच. शिकवण्याची रीत मात्र ज्याची त्याची वेगळी.