स्मृतिमंदिर, संग्रहालय आणि कोटणीसांची कथा

चीनमधील स्मृतिमंदिर हे देवालय नव्हे आणि निव्वळ समाधीही नव्हे. थोर पुरुषाच्या कार्याला राज्याने व लोकांनी दिलेली ती मान्यता होय. शिलालेख, फलक आणि भेट देणाऱ्यांची काव्ये यांना तेथे मूर्तीइतकेच महत्त्व असते. चेंगडू येथील मंत्री झूगे ल्यांग (मृत्यू इ. स. २३४) याच्या मंदिरावर कवी दू फू याने ७६० च्या सुमारास कविता रचली. पुढे दू फूच्या तेथील कुटीच्या जागीही त्याचे स्मृतिमंदिर उभे राहिले. आज ही दोन्ही स्थळे संग्रहालये आहेत. पूजेची जागा मांडणीने घेतली, तरी तेथे जाणे म्हणजे वाचणे, ही परंपरा टिकून आहे.

या स्मरणपद्धतीने एका मराठी माणसालाही आपलेसे केले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे ते चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये ग्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तले. शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी व स्मारक आहे. सोलापुरातील त्यांच्या घराचे महानगरपालिकेने २०१२ मध्ये स्मारक-संग्रहालय केले.

एकाच जीवनाची ही दोन पठणे आहेत. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधील इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकाचा आशय ‘आणि एक परतला नाही’ असा आहे. परतला नाही, हे मागे राहिलेल्यांचे वाक्य. समाधीपाशी उभ्या असलेल्या चिनी माणसाचे वाक्य मात्र ‘तो आला आणि राहिला’ असेच असणार. आपल्याकडील स्मरणाचा स्थायीभाव विरह, तर तिकडील कृतज्ञता. व्ही. शांताराम यांनी १९४६ च्या चित्रपटाच्या नावातच ‘कहानी’ हा शब्द योजला. आपण कथा सांगतो, तेथे लेख कोरला जातो.

१९६२ च्या युद्धानंतरही कोटणीसांचे नाव दोन्ही देशांच्या मैत्रीच्या भाषणांत येत राहिले. भारतात आलेले चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना भेटत आले. परंतु माणूस प्रतीक झाला की त्याचे वाचन थांबते, हा धोका येथे आहे. म्हणून सोलापूरचे घर आणि शिजियाझुआंगची समाधी ही एकाच संहितेची दोन पाने मानून वाचली पाहिजेत. त्या वाचनाची दिशा कोटणीस दांपत्याने १९४२ मध्ये आपल्या मुलाच्या नावात दाखवून ठेवली आहे: ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.