एकही उपासना चुकत नाही, तरी आत काही हलत नाही

प्रश्न : पाळकसाहेब, माझा जन्म ख्रिस्ती घरातला. दृढीकरणाला वीस वर्षं झाली, पंचकमिटीवर आहे, रविवारची उपासना चुकत नाही. पण प्रार्थना सवयीनं होते, शास्त्रवाचन तर थांबलंच आहे. वाईट काही चाललेलं नाही, म्हणून अधिकच बोचतं. काय करू?

उत्तर : बोचतंय, म्हणजे झोप अजून गाढ लागलेली नाही. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली लावदिकीयाची 'कोमट' मंडळी आठवा. इ.स. 60 च्या भूकंपानंतर ते श्रीमंत शहर रोमच्या मदतीशिवाय उभं राहिलं होतं. 'आमचं छान चाललंय' ही शहराची हवा मंडळीतही शिरली असावी, असं मला वाटतं.

आपल्याकडचे रेव्हरंड टिळक पाहा. 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग नगरला मिशनचं काम, कवी म्हणून नाव. एवढ्यावर कोणीही टेकलं असतं. 1917 मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला.

तुम्ही नोकरी सोडू नका हो! कमिटीचं एखादं काम मात्र वर्षभर दुसऱ्याला द्या. त्या वेळात मार्ककृत शुभवर्तमान काढा. सोळाच अध्याय आहेत. रोज एक, मोठ्यानं. न कळलेलं, न पटलेलं पेन्सिलीनं खुणावा आणि प्रार्थनेत तेच बोला. पाठ झालेली वाक्यं काही दिवस बाजूला राहू द्या. आणि मंडळीत ज्याच्याशी बिनसलंय, त्याच्याकडे एकदा चहाला जा. हे शेवटचं मलाही अजून नीट जमलेलं नाही.