कंबरदुखीची पुडी

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये वाकून पत्रे उचलायचे, आठवड्याला पाळी बदलायची, वर ओटी. कंबर धरणारच. ओळखीतून एका 'वैद्या'च्या पुड्या मिळाल्या. वहीच्या कागदात बांधलेली पांढरट भुकटी. ना नाव, ना बिल. 'जडीबुटी आहे, काही होत नाही' एवढीच हमी. दुसऱ्या दिवशी कंबर मोकळी! भूक वाढली, गाल भरले. गावाकडून आलेली आई म्हणाली, 'पुण्याचं पाणी मानवलं रे तुला.'

पण पोट सुटत गेलं आणि हातपाय बारीक झाले. पोटावर जांभळे पट्टे उठले, साधं खरचटलं तरी बरं होईना, जिना चढताना मांड्या साथ देईनात. शुगर आणि बीपी, दोन्ही वाढलेले. पुढे वैद्य गावाला गेला, पुड्या संपल्या, त्यात ताप आला. उलट्या सुरू झाल्या आणि थर्ड शिफ्टला मशीनजवळच चक्कर येऊन पडलो.

पिंपरीतल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "दुखण्यावर काय घेता?" सकाळी आठला रक्त घेऊन कोर्टिसोल तपासलं. चेहरा कोर्टिसोल जास्त झाल्यासारखा सुजलेला, आणि रक्तात ते जवळपास नाहीच! कारण पुडीत स्टेरॉइड होतं.

कोर्टिसोल मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी तयार करतात. पहाटे ते वाढतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. ताण, ताप, जखम आली की ते रक्तातली साखर वाढवतं, रक्तदाब टिकवतं, सूज आवरतं. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कोर्टिसोन हे त्याच जातीचं स्टेरॉइड दिलं, तेव्हा सूज आवरण्याचा हा गुण ठळकपणे दिसला. १९५० साली त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. म्हणजे औषध खोटं नाही. पण व्हेंडरकडून तयार माल येत राहिला की कंपनी आपली लाईन बंद ठेवते, तसं बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की ग्रंथी काम थांबवतात. पुरवठा अचानक तुटला की शरीराकडे स्वतःचं काहीच उरत नाही. अशात साधा तापही जिवावर बेततो.

मला डॉक्टरांनी स्टेरॉइडच लिहून दिलं, फक्त मोजून, आणि हळूहळू कमी करत नेलं. ग्रंथी जाग्या व्हायला महिनोन्महिने लागतात.

म्हणून मित्रांनो, लेबल नसलेली पुडी घेऊ नका. घेत असाल, तर घाबरून एकदम बंदही करू नका. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. उलट्या, गळून जाणं, चक्कर अशी लक्षणं दिसली तर थेट इस्पितळ गाठा आणि पुडीचं आधी सांगा. ऑपरेशनपूर्वीही सांगा. कोर्टिसोल तपासायचं असेल तर चालू पाळी आणि झोपेच्या वेळा सांगा, कारण रात्रपाळीने आकडा बदलू शकतो. दमा किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मात्र माझं ऐकून सोडू नका.

आणि पुडी देणाऱ्याला एकच विचारा: यात काय आहे ते सही करून लिहून देता का? तो टाळाटाळ करू लागला, की तिथून निघा.