बदल सांगण्याआधी



आपल्या तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये गाड्यांचे उत्पादन थांबले. जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. कागदावर मालक बदलला. पण मधल्या तीन वर्षांत कामगारांच्या घरचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी थांबली नव्हती.

आपल्यापैकी काहीजण सुपरवायझर, मॅनेजर आहेत. बदलाची बातमी त्यांनाच सांगावी लागते. तेव्हा प्रथम स्वतःला विचारावे : माझा आवाज चढतो तो समोरच्याच्या चुकीमुळे, की माझ्याच भीतीमुळे? मग त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. ठाऊक आहे ते स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवू नये.

नोकरी वाचवणे नेहमी आपल्या हाती नसते. माणसाचा मान राखणे मात्र असते.