सांडलेलं पेट्रोल: पाणी नको, वाळू हवी

माझं गाव घोडेगाव, तालुका नेवासा. अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर. कांदा मार्केटला येणारे ट्रक-टेम्पो आणि शनिशिंगणापूरला वळणाऱ्या गाड्या यांची इथे कायम गर्दी. याच रस्त्यावरून इंधनाचे टँकरही जातात. असा टँकर उलटला, किंवा आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीची टाकी गळाली, तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? त्यासाठी हा लेख.

पेटतं काय?

द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते त्याची वाफ. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडे थंडीतसुद्धा त्यातून पेटण्याजोगी वाफ निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर न जाता जमिनीलगत, गटारात, खड्ड्यात पसरते.

आता थोडं गणित. १ लिटर पेट्रोल सुमारे ७४० ग्रॅम. सरासरी रेणुभार ९० धरला तर ८.२ मोल, म्हणजे अंदाजे २०० लिटर वाफ. हवेत १.४ टक्के वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं. म्हणजे १ लिटर पेट्रोल १४ घनमीटर हवा पेटाऊ करतं. ही झाली एक छोटी खोली!

काय करावं?

१. लोकांना लांब करा, वाऱ्याच्या दिशेने उलट बाजूला न्या. विडी-सिगारेट बंद. जवळचं विजेचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. गाडी स्टार्ट न करता ढकलत न्या.

२. गळती मोठी असेल तर लांब जाऊन ११२ किंवा १०१ लावा. टँकरच्या पाटीवरचा आकडा सांगा: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. अग्निशमन दलाला त्यावरून तयारी करता येते.

३. गळती थोडी असेल तर भोवती वाळूचा किंवा कोरड्या मातीचा बांध घाला, मग मधे वाळू टाका. भिजलेली वाळू लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फावड्याने झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा इमारतीबाहेर ठेवा.

४. पाण्याने धुऊ नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, गटारातून वाहत जातं आणि भलतीकडेच पेटतं. शिवाय जमिनीत मुरलं तर विहिरीचं पाणी नासतं.

५. कपड्यांवर सांडलं तर आधी भरपूर पाणी ओता, मगच कपडे उतरवा. कोरडे ओढून काढताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. त्वचा साबणाने धुवा.

६. नळीने तोंडाने पेट्रोल ओढण्याची आपल्याकडची सवय सोडा. थेंबभर फुफ्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होऊ शकतो. कोणी गिळलं तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

डिझेल इतक्या सहज पेटत नाही, पण रस्ता निसरडा करतं आणि दुचाकीवाला आपटतो. तिथेही वाळूच टाकायची.

फुकटचं पेट्रोल

२५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ टँकर उलटला. सांडलेलं पेट्रोल भरून न्यायला माणसं भांडी घेऊन धावली. आग लागली आणि दोनशेहून अधिक जीव गेले. आपल्याकडे १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात ज्वलनशील द्रवाचा टँकर पेटला. जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला. एकूण चौघे गेले, त्यात खालून दुचाकीवर जाणारेही होते. टँकरशी त्यांचा काही संबंध नव्हता.

टँकर उलटला की गावात पहिली हाक "कॅन आणा रे" अशी येते. ती हाक आपल्यापैकी कोणी अडवू शकला, तर चार वर्षांच्या शिक्षणाचा गावाला उपयोग झाला म्हणायचा.

रेक्टर सरांना एक विनंती: पार्किंगजवळ आणि जनरेटरपाशी वाळूच्या दोन-दोन बादल्या ठेवाव्यात. आणि आपल्याला विनंती: त्यांत वाळूच राहू द्या, गुटख्याच्या पुड्या नकोत!