मोटारीची आसने आणि सौम्य प्रक्षालक

पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूरचे चंदन युरोपात पोहोचेना; त्यातूनच बंगळूरचा सरकारी साबण कारखाना उभा राहिला. त्याच युद्धात चरबीची टंचाई पडल्याने जर्मनीत १९१६ साली कृत्रिम प्रक्षालक, म्हणजेच डिटर्जंट, तयार झाले. मोटारीच्या कापडी आसनांसाठी या दोहोंपैकी काय घ्यावे?

बंगळुरात अनेक ठिकाणी कूपनलिकेचे पाणी वापरतात. ते बहुधा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. कपडा खळबळून धुता येतो. आसन तसे धुता येत नाही, म्हणून साका धाग्यांतच राहतो. प्रक्षालकाचा असा साका सहसा बनत नाही. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेत असल्याने तेलकट मळ सुटतो.

लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव प्रक्षालक पुरेसा होतो. तो प्रथम आसनाच्या आडबाजूस लावून पाहावा. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने आसन पुसावे, साध्या पाण्याच्या फडक्याने दोनतीनदा पुन्हा पुसावे आणि दारे उघडी ठेवून वाळवावे. मागे राहिलेला प्रक्षालक धूळ धरतो, तर मागे राहिलेल्या ओलीने बुरशी येते.