नावाजलेलं कॉलेज नाही, तरी इन्व्हेस्टमेंट बँकिंग?

सांगली, जळगाव किंवा नांदेडला बी.कॉम. करणाऱ्या मुलीला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचं असेल, तर एक कटू गोष्ट आधीच मान्य करावी. मोठ्या परदेशी बँका नवी भरती मोजक्याच कॅम्पसवर करतात: जुन्या आयआयएम, आयएसबी, मुंबईचं जमनालाल बजाज आणि अशाच काही संस्था. आपल्या कॉलेजात त्या येणार नाहीत. पण इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं काम फक्त त्याच बँका करत नाहीत, आणि नेमकी हीच माहिती पालकांपर्यंत पोहोचत नाही.

पोहोचते ती जाहिरात. काही महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी, लाखाच्या घरातली फी. पैसे भरण्याआधी विचारा, नोकरी कोणत्या पदाची? पुष्कळदा उत्तर मिळतं ‘ऑपरेशन्स’. म्हणजे सौद्यांची सेटलमेंट, केवायसी, खात्यांचा ताळमेळ. ही चांगली, स्थिर नोकरी आहे आणि पुण्या-मुंबईत ती मिळतेही. पण कंपनीसाठी भांडवल उभारणं, तिचं मूल्य काढणं, विलीनीकरण जुळवणं हे काम निराळं. ऑपरेशन्समधून तिकडे जाणं फार थोड्यांना जमतं. मुलांना हे आधी सांगत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

खरं काम शिकवणारा दस्तऐवज फुकट मिळतो. आयपीओ आणणाऱ्या कंपनीचा मसुदा प्रस्ताव, म्हणजे डीआरएचपी, सेबीच्या संकेतस्थळावर वाचता येतो. शेकडो पानं असतात. सगळी वाचू नका. इश्यूची किंमत कशाच्या आधारावर ठरते, हे सांगणारं प्रकरण उघडा. त्यात त्याच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांशी तुलना असते. ती तुलना एक्सेलमध्ये स्वतः मांडा आणि याच कंपन्या का निवडल्या, कोणत्या वगळल्या, ते दोन पानांत लिहा. अशी चार-पाच कामं हाताशी असली, की मुलाखतीत कॉलेजच्या नावापलीकडे बोलायला काहीतरी असतं.

मुलाखतीतला एक नेहमीचा प्रश्न बघा. घसारा दहा रुपयांनी वाढला, कर पंचवीस टक्के, काय होईल? निव्वळ नफा साडेसात रुपयांनी घटेल, पण कर वाचल्यामुळे रोकड अडीच रुपयांनी वाढेल. ताळेबंदात स्थिर मालमत्ता दहाने कमी, रोकड अडीचने जास्त, भागधारकांचा निधी साडेसातने कमी. दोन्ही बाजू जुळल्या. हे ज्याला कळलंय, त्याचं इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालतं. पाठ केलेलं मात्र पुढच्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आता अर्ज कुठे करायचा? बीएसई आणि एनएसईने २०१२ मध्ये छोट्या कंपन्यांसाठी स्वतंत्र एसएमई मंच सुरू केले. तिथले बरेच इश्यू छोट्या मर्चंट बँकर, म्हणजे इश्यू बाजारात आणून देणाऱ्या, संस्था हाताळतात. त्यांचा तपशील प्रस्तावाच्या मुखपृष्ठावरच असतो आणि नोंदणीकृत मर्चंट बँकरांची यादी सेबीकडे मिळते. इंटर्नशिपसाठी थेट लिहा, सोबत आपलं एक विश्लेषण जोडा. पण संस्थेने आधी आणलेल्या इश्यूंचे भाव पुढे कुठे गेले, हेही त्याच दस्तऐवजात तपासा. एकामागून एक इश्यू कोसळले असतील, तर सावध व्हा; ढिसाळ हिशेब खपवून घेणाऱ्या ठिकाणी पहिली नोकरी करू नये.

सीए करणाऱ्यांसाठी वाट अधिक सरळ आहे. आर्टिकलशिप ड्यू डिलिजन्स किंवा मूल्यांकनाचं काम असलेल्या फर्ममध्ये मिळवा, जवळची फर्म सोयीची म्हणून नको. एमबीएच करायचं असेल, तर जमनालाल बजाजला राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो. स्पर्धा तीव्र आहे, पण वर्षभर मन लावून तयारी करण्यासारखी ही परीक्षा आहे.

पालकांनो, कोर्ससाठी बाजूला काढलेले पैसे मुलाच्या मुंबईतल्या इंटर्नशिपसाठी ठेवा. छोट्या संस्थांचं विद्यावेतन तुटपुंजं असतं, कधी नसतंच, आणि रात्री उशिरापर्यंत काम चालतं. ऑफिसपासून जवळ राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण, एवढा सहा महिन्यांचा खर्च उचलता आला, तर मूल मधेच परत येणार नाही.